गौरम्माच्या लग्नाला बैलगाडीनं

३ मे १९२८
अक्कलकोटहून बहिणीचं, चन्नम्माचं पत्र. तिच्या गौरम्माचं लग्न बारा तारखेला. मुहूर्त दुपारी बाराचा. मामा म्हणून मुलीच्या मागं मी उभं राहायचं. शेवटी लिहिलंय, ‘आण्णा, या खेपेला मोटारीनं ये.’ या खेपेला म्हणजे काय? गौरम्माच्या बारशाला फक्त एक दिवस उशीर झाला होता.

५ मे
बायकोचंही तेच. मोटार! मल्लव्वाला शांतपणे समजावलं. बैल पेट्रोल पीत नाही. पंक्चर होत नाही. हाक मारली की मान वळवतो. मोटारीला हाक मारून बघ म्हटलं. म्हणाली, ‘तुमी मारा हाका. मी बसून जाते की.’

८ मे
मोटार स्टँडवर मुद्दाम गेलो. ड्रायव्हर शिवप्पा म्हणाला, ‘मालक, दोन तासांत सोडतो.’ सांगितलं, आमच्या बापजाद्यांची कुठलीच लग्नं तुझ्यावाचून अडली नाहीत.
निश्चय : पहाटे चारला निघायचं, अकराला पोचायचं. मोटारवाले पोचतील तेव्हा दारात त्यांना पाणी मीच देणार.

१२ मे, सकाळी ७, कुंभारी गावाच्या पुढं
पाचला निघालो. चारला बैल रवंथ करत होते. मोडता घालणं बरं नव्हे.
मागून मोटार आली आणि माझ्या डोळ्यांदेखत पंक्चर! मोटारीतून उतरून मल्लव्वा बाभळीच्या सावलीत उभी. गाडी थांबवून शिवप्पाला आणि सगळ्या पॅसेंजरांना मोटारीचे दोष अर्धा तास समजावले. सगळे चाकात डोकं घालून ऐकत होते. चाक बसल्यावर शिवप्पा म्हणाला, ‘चला मालक, एक जागा हाय. बैल इथं गावात बांधू.’ मल्लव्वानंही डोळ्यांनी विनवलं. साफ नकार दिला. तत्त्व म्हणजे तत्त्व.

सकाळी ११, वळसंग
डावा बैल रस्त्यात बसलाय. दमलेला नाही. विचार करतोय. मोटार विचार करते का?

दुपारी ४, अक्कलकोट
लग्न लागलं. टायमावर. मुलीच्या मागं शिवप्पा उभा होता! चन्नम्माला जाब विचारला. ती म्हणाली, ‘आण्णा, दारात सारखी बघत होते मी. भटजी थांबंनात. तुजी खबर ह्यानंच आणली, म्हणून ह्यालाच म्हटलं, तू उभा राहा बाबा.’
शेवटच्या पंगतीला बसलो. हुग्गीची खीर गार झाली होती.

१३ मे
सकाळी गौरम्मा सासरी निघाली. पाया पडायला आधी शिवप्पाकडं गेली. ‘येते मामा,’ म्हणाली. मग माझ्याकडं आली. वाटभर आशीर्वाद जुळवला होता. आठवला नाही.
बैल आठ दिवस इथंच राहतील. त्यांना विश्रांती हवी.
मोटारीत मल्लव्वानं सरकून जागा केली. बसलो.