दोर सोडलास तेव्हा

प्रिय दादा,

काल इथे लंडनजवळ, पिनरमध्ये पाऊस पडला आणि वाळल्यावर आमच्या रस्त्यावरच्या सगळ्या गाड्या तांबूस दिसायला लागल्या. टीव्हीवरची हवामानवाली हसत म्हणाली, सहाराची धूळ आहे, घाबरू नका. मी बॉनेटवर बोट फिरवून पाहिलं. पिठासारखी मऊ! आणि मग आमची ईरा जे बोलली, त्यामुळे आज तुला लिहायला बसले. तीन वर्षं टाळत होते.

तू अल्जीरियातून रजेवर आलास की तुझा मेहुणा संजय जेवताना हमखास विचारायचा, "दादा, वाळवंटात तेलाचे पंप सांभाळायचे म्हणजे नक्की करता काय तुम्ही?"

"वाळूशी भांडतो," तू म्हणायचास. वाळू ग्रीसमध्ये शिरली की ग्रीसचा पॉलिश पेपर होतो, बेअरिंग खाऊन टाकतो. दुपारी नट आवळायचे पाने इतके तापतात की पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवावे लागतात. किती रंगून सांगायचास! तुझ्या पानातलं वरण गार व्हायचं.

दोराचंही तूच सांगितलंस. वादळात स्वतःचा पंजा दिसत नाही, म्हणून कंट्रोल रूमपासून फिल्टरच्या शेडपर्यंत दोर बांधलेला. पंप चालवणारी टर्बाइन हवा ओढते; फिल्टर वाळूनं चोंदले की ती बंद पडणार आणि पाइपलाइनमधलं तेल जागच्या जागी थांबणार. म्हणून ऐन वादळातच कुणीतरी दोर धरून जायचं आणि फिल्टर बदलून यायचे.

"आणि एक नियम," तू म्हणालास, "हाक आली तर ओ द्यायची नाही."

"कुणाची हाक?"

"ज्याला ज्याची ऐकावीशी वाटते त्याची. आमच्या कॉलिनला त्याची आजी बोलावते."

मी हसले. तू हसला नाहीस. तुला कोण बोलावतं, हे मी का नाही रे विचारलं?

तू गेल्यावर तोच कॉलिन तुझी बॅग घेऊन आला. अ‍ॅबर्डीनचा उंच माणूस, सोफ्याच्या अगदी काठावर अवघडून बसला. चहाला हात लावला नाही.

"फिल्टर बदलून आम्ही परत निघालो होतो," तो सांगायला लागला. "काम नीट झालं होतं, टर्बाइनचा आवाज स्वच्छ होता. तो माझ्या पुढे होता. एकदम थांबला. म्हणाला, माझी बहीण जेवायला बोलावतेय. मी ओरडलो, दोर धर! त्यानं मान हलवली आणि दोर सोडला."

"घाबरला होता?"

"नो," कॉलिन म्हणाला. "खूश होता."

वादळ ओसरल्यावर तू त्यांना सापडलास तो पंपांपासून खूप लांब, मोकळ्या वाळूत, तोंड उत्तरेकडे. बूट काढून नीट शेजारी शेजारी ठेवलेले. त्या तापलेल्या वाळूत कुणी बूट का काढेल, हे कॉलिनला आजवर उमगलेलं नाही. मला लगेच उमगलं. आपल्याकडे बूट घालून कोण घरात येतं?

तो रविवार होता, जेवणाची वेळ. उन्हाळ्यात तुझं घड्याळ आणि माझं घड्याळ एकच. त्या वेळी मी मागच्या दारात उभी राहून गार्डनमध्ये खेळणाऱ्या ईराला ओरडून बोलावत होते, "आत ये, जेवण गार होतंय!" सांगलीला आई मला मैदानावर तुला आणायला धाडायची, तेव्हा मी ओरडायचे तेच शब्द. तोच सूर. संजय म्हणतो, योगायोग. भला माणूस आहे, त्याला तसंच वाटू दे.

त्या दिवसापासून मी कुणालाही हाक मारलेली नाही, दादा. ईराला आत आणायचं तर जवळ जाते, खांद्याला हात लावते.

काल ती गाडीवरच्या धुळीत बोटानं मांजर काढत होती. पळत घरात आली.

"आई, मामाची आवाज आली."

तिचं मराठी असंच आहे, रागावू नकोस. तू गेलास तेव्हा ती चार वर्षांची होती. मी विचारलं, "मामाचा आवाज तुला आठवतो?"

"नाही. पण तो म्हणाला, सुमे, मी आत येऊ का?"

इथे मला सगळे सुमेधा म्हणतात. संजयसुद्धा. सुमे कोण म्हणतं रे?

"तू ओ दिलीस का?"

"नाही. मला भीती वाटला."

मी पुढचं दार सताड उघडलं. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं, नुसता वारा. तुझा नियम मला पाठ होता, तरी मी मोठ्यानं म्हटलं, "ये दादा. विचारतोस काय?" शेजारच्या बाईनं पडदा सरकवून पाहिलं. मी बाजूला झाले, एक माणूस जाईल इतकी वाट सोडली. गालिच्यावर काही उमटलं नाही, मी वाकून पाहिलं. पण दार लावताना ते जड लागलं, आणि लागल्यावर बाहेरचा वारा पडला.

इतकी वर्षं बाहेर उभा होतास? मग मला ऐकू येईल अशी हाक का नाही मारलीस, वेड्या? पोरीला कशाला घाबरवायचं?

आता ऐक. ईराला पुन्हा हाक ऐकवायची नाही. काय हवं ते मला सांग, मी ओ देईन. आणि माझंही एक वचन घे. यापुढे मी मोकळ्या गळ्यानं हाका मारीन, पण नाव घेतल्याशिवाय एकही मारणार नाही. ईराला ईरा म्हणून, तुला दादा म्हणून. म्हणजे ज्याला बोलावलंय, तोच येईल.

तुझी,
सुमी