एकवीस दिवसांची रजा

४ फेब्रुवारी, मंगळवार

पडलो! काल कंपनीत सेकंड शिफ्टला, लाईन दोनच्या मधोमध, उभ्या उभ्या. शुद्धीवर आलो तेव्हा संपत तोंडावर पाणी मारत होता आणि लाईन थांबली होती. मी पहिलं विचारलं – किती मिनिटं थांबली? सात, म्हणाला.

कंपनीच्या डॉक्टरांनी बीपी घेतला. १९०/१२०. एकवीस दिवस आराम. मी म्हटलं, चार दिवस पुरे झाले. "खंडूराव, मी विचारत नाही, सांगतोय."

कंपनीजवळच्या, सणसवाडीतल्या खोलीला कुलूप लावून खुटबावला घरी आलो. बीपी रोज लिहून ठेवायला सांगितलाय. माझ्या मुलीने, प्रगतीने, तिची दहावीची अर्धी कोरी वही दिली. बीपीला एक ओळ लागते. पान मोठं आहे.

बारा वर्षांत आजारपणाची ही पहिली रजा. टीव्हीवर शंभर टक्के हजेरीच्या सात ट्रॉफ्या आहेत. बायको, मुक्ता, त्यांच्यावरची धूळ पुसत होती, मी खाटेवर आडवा.

५ फेब्रुवारी

१७०/१०४. झोपलो. उठलो. परत झोपलो.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

१६६/१००. काल गुरुवार होता म्हणून काही वाटलं नाही. गुरुवारी सुट्टीला मी घरी असतोच. आज शुक्रवार आणि मी घरी! बारा वर्षांत शुक्रवारचं घर पाहिलं नव्हतं. मुक्ताने विचारलं, "आजबी जेवायला हाय ना?" मग स्वतःच हसली.

संपतला फोन केला. माझ्या जागी सुपरवायझर म्हणून सध्या तोच बघतोय.

"सर, आराम करा तुम्ही. लाईन चालू हाय."

टार्गेट?

"झालं की. चार पीस जास्तच."

फोन ठेवला. बरं वाटायला पाहिजे होतं.

१० फेब्रुवारी, सोमवार

१६०/९८. दुसरा उद्योग नाही म्हणून मुक्ताचं काम बघत बसलो. सवयच आहे, माणूस हलला की मी मोजतो. गोठा ते स्वयंपाकघर – सकाळी दहापर्यंत एकतीस खेपा. मांडणीच चुकीची आहे. दुपारी ती वैरण आणायला गेली तेव्हा पाण्याचा पिंप हलवला, पेंडीचं पोतं दारापाशी आणलं, डबे लागतील त्या क्रमाने लावले.

मुक्ता आली. "माझं मीठ कुठं गेलं?"

दाखवलं.

"तुमची कंपनी तिकडं सणसवाडीत ठेवा."

पडवीत बसलेली आई हसली. माझ्यावर हसण्याची संधी तिला वर्षातून एखादेवेळी मिळते.

१२ फेब्रुवारी

१५८/९६. फायदा झाला! एकतीसच्या एकोणीस खेपा. साधारण चाळीस मिनिटं वाचली. म्हटलं, आता ही जरा बसेल. तिने गोधड्या धुवायला काढल्या. पाच.

"अगं, जरा टेकावं माणसानं."

"टेकून काय करू?"

 मी आठ दिवस टेकलोय, मलाही माहीत नाही.

कंपनीतही हेच. मागच्या वर्षी मी हँडलच्या असेंब्लीत एका पीसमागे तीन सेकंद वाचवून दिले. टाळ्या पडल्या. पुढच्या महिन्यात टार्गेट वाढलं. वाचलेले सेकंद लाईनवरच्या पोरींच्या वाट्याला किती आले, मी बघितलं नव्हतं. बघायचं असतं हेही माहीत नव्हतं.

१४ फेब्रुवारी

१५६/९६. कॉलेजला निघताना प्रगती म्हणाली, "पप्पा, एक सांगू? रागवायचं नाही. तुम्ही आल्यापासून आई अर्धा तास आधी उठती."

का म्हणून?

"तुमची भाजी बिनमिठाची वेगळी. भाकरी गरमच पाहिजे. आंघोळीचं पाणी दोनदा. चहा चार वेळा."

दिवसभर लक्ष ठेवलं. चहा पाच वेळा झाला. बाकी तिचं बरोबर होतं. आराम मी करतोय आणि त्याचं काम मुक्ताला लागतंय.

१६ फेब्रुवारी, रविवार

ठरवलं आणि सांगून टाकलं – "मुक्ता, भांडगावला जा. चार-सहा दिवस राहा माहेरी."

"कुणाचं लगीन हाय?"

"कुणाचं नाही. आराम कर."

"आन् गाय? आत्याबाईंच्या गोळ्या? सैपाक?"

"मी करतो."

तिघींनी एकमेकींकडे बघितलं. मग तिघी एकदम हसल्या. आई तर ठसका लागेपर्यंत. मुक्ताचं हसू मात्र लवकर थांबलं. भिंतीकडे बघत म्हणाली, "मला घालवून देताय व्हय? काय चुकलं माझं?"

वीस वर्षांच्या संसारात विश्रांती घे म्हटल्यावर बाईला शिक्षा वाटावी! समजावलं. पटलं नाही. शेवटी तिच्या भावालाच फोन लावला. सोपानराव मोटरसायकल घेऊन आले. गाडीवर बसताना एवढंच म्हणाली, "पेंड भिजवल्याबिगर घालू नका." वळून बघितलं नाही.

१७ फेब्रुवारी

गाईने पान्हा चोरला. मुक्ताला सहा लिटर देते, मला दोन. डेअरीतला माणूस कॅनमध्ये वाकून बघत राहिला.

भाकरी दोन ठिकाणी फाटली. आईने चहात बुडवून खाल्ली. दोन शब्द बोलली असती तर बरं.

बीपी घ्यायचा राहिला.

१८ फेब्रुवारी

दमलो. हे कोणाला सांगावं? घरात सगळ्यांना वाटतं मी आराम करतोय!

सोपानरावांचा फोन. "दाजी, अक्का नुसती झोपतीया. सकाळी उठली, च्या पेली, परत आडवी."

झोपू द्या, म्हटलं. त्यासाठीच पाठवलंय. फोन ठेवून आईला सांगितलं – बघ, माझं बरोबर होतं. आई म्हणाली, "ती झोपणारी न्हाई रं." मी म्हटलं, संधी मिळाली की सगळे झोपतात.

१९ फेब्रुवारी, बुधवार

१४६/९२. कंपनीतून मॅनेजर सत्यजीत सरांचा फोन. सोमवारी नवी लाईन सुरू होतीये. तिला इनचार्ज लागणार. "तुमचंच नाव माझ्या डोक्यात आहे, पण रजा एक दिवस आधी संपवून यावं लागेल. नाहीतर संपत आहेच." म्हटलं, सर, सोमवारी पहिल्या शिफ्टला हजर! आठ वर्षं या जागेकडे डोळे लावून बसलोय. मुक्ताला रविवारी आणायचं ठरवलं.

सोपानरावांनी आजही तेच सांगितलं. झोप. अर्धी भाकरी. जरा काळजीचा आवाज वाटला, पण ते मुळातच हळवे आहेत.

२० फेब्रुवारी, गुरुवार

मुक्ता भांडगावला नळावर चक्कर येऊन पडली. सोपानरावांनी तसंच जीपमध्ये घालून दौंडला दवाखान्यात नेलं. मी पोचलो तेव्हा पहिली पिशवी चढत होती. रक्ताची. हिमोग्लोबिन साडेपाच. बाईला बारा लागतं, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. ह्या चालत कशा होत्या, असं त्यांनी मलाच विचारलं.

एकोणीस खेपा चालत होती. मला आकडा पाठ आहे.

पलंगाजवळ बसलो. दवाखान्याच्या पांढऱ्या चादरीवर तिचा हात होता. नखं चादरीएवढीच पांढरी. ही आजची नसणार. बारा दिवस मी तिच्या समोर बसून पावलं मोजली, मिनिटं लिहिली, पिंप हलवला. तोंडाकडे बघितलंच नाही. लाईनवर बघावं लागत नाही, तीच सवय.

डॉक्टरीणबाईंनी तिला विचारलं होतं, दम कधीपासून लागतो? तर म्हणाली, "दम सगळ्यांनाच लागतो की."

जाग आल्यावर मला म्हणाली, "लई झोप आली हो. भावजयीपुढं शरम वाटली." मग म्हणाली, "गाय दूध देती का?"

"देते," म्हटलं. खोटं.

२१ फेब्रुवारी

सोनोग्राफी झाली. गर्भाशयात गाठी. अंगावरून रक्त जात होतं – दोन वर्षं! कोणाला पत्ता नाही. घाबरण्यासारखं नाही म्हणतात, पण आणखी रक्त चढवून ऑपरेशन करावंच लागेल. नंतर दीड-दोन महिने हंडाही उचलायचा नाही.

रागच आला मला. आवाज चढला. "दोन वर्षं? मला एका शब्दानं सांगायचं नाही?"

तिने शांतपणे सांगितलं, "कवा सांगू? तुम्ही गुरुवारी यायचा. तुमचा तेवढाच एक दिवस इसाव्याचा. त्यात हे कुठं सांगत बसायचं!"

बाहेर व्हरांड्यात येऊन बराच वेळ उभा राहिलो. तिथल्या नर्सने खुर्ची आणून दिली. बसलो नाही.

२३ फेब्रुवारी, रविवार

सत्यजीत सरांना फोन केला. दोन महिन्यांची रजा मागितली.

"का? बीपी अजून वरच आहे का?"

म्हटलं, नाही सर, आता बरा आहे.

"मग? तुम्हाला कळतंय ना, उद्या नव्या लाईनला संपतचं नाव जाईल?"

द्या म्हटलं त्याचं नाव. पोरगा चांगला आहे.

"पण कारण काय लिहू रजेचं?"

लिहा – घरी काम आहे.