चौकातल्या बोर्डावरचा माझा फोटो

मी, श्रीमती बयाबाई पिराजी भांदिगरे, वय त्र्याहत्तर, राहणार गारगोटीजवळ, जिल्हा कोल्हापूर, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत करते. गुडघे गेले आहेत, डोके शाबूत आहे. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. घरात सगळे माझ्याच दडपणाखाली आहेत. मी सांगते तसे नात अनुजा लिहीत आहे.

१. राहते घर अनुजाचा बाप, माझा धाकटा मुलगा बाळासो याला. कौले काढून स्लॅब टाकायचा तर माझ्या माघारी टाकावा. ही कौले थोरल्या विजयसिंहने फौजेतून सुट्टीवर आल्यावर स्वतः बसवली. वरून ओरडायचा, "आये, च्या टाक की!" मी म्हणायची, "आधी खाली उतर, मुडद्या!" काय दिवस होते ते!

२. दोन्ही म्हशी बाळासोची बायको, माझी सून क्रांती हिला. दुसऱ्या कोणाला त्या धार काढू देत नाहीत.

३. विजूची काळी ट्रंक अनुजाला. आत त्याचा स्वेटर आहे. वास कधीच गेला, तरी धुवू नये.

४. आता मुख्य. कारगिलच्या लढाईत विजू गेला. त्याला तिरंग्यात आणले त्या दिवशी मुंबईचा एक फोटोवाला पावणा आला होता. त्याने काढलेला माझा फोटो, तोंड वासलेले, हात वर, पेपरात आला. त्याला बक्षीसही मिळाले म्हणे. खाली लिहिले होते, ‘वीरमातेचा टाहो’. तेव्हापासून दर पंधरा ऑगस्टला बाळासोचे तरुण मंडळ तोच फोटो चौकात लावते.

त्या फोटोत मी रडत नाही. विजूला बघायला माणसे घरावर चढली होती आणि मी ओरडत होते, "उतरा खाली! माझ्या लेकाची कौलं हायती ती!" रडले मी नंतर, गोठ्यात, म्हशीच्या गळ्यात पडून. तिथे कॅमेरा नव्हता, बरे झाले.

तो फोटो आता पुरे, हे सांगायला फोटोवाल्याला अनुजाकडून फोन करवला. तो म्हणाला, "मावशी, तो फोटो आता देशाचा आहे." तोंड माझं, देशाचं कसं रे बाबा? तरी त्याच्यावर राग नाही. त्या दिवशी शेजारच्या अंबूबाईला सांगून त्याला भाकरी मीच वाढायला लावली. दारात आलेला उपाशी जाऊ नये. राग अंबूबाईवर आहे. कौलांवर तिचीच पोरे होती.

५. माझ्या श्रद्धांजलीच्या बोर्डावर तो फोटो लावला, तर घर बाळासोला नाही, क्रांतीला. बाळासो म्हणतो, "आये, लोक तुला त्याच फोटोनं वळखत्यात." म्हणूनच नको.

परवा अनुजाने मोबाईल धरला. "आज्जी, हस की." हसू येईना. मग म्हणाली, "मोठं काका लहानपणी कसं हुतं, सांग." शाळा चुकवून विजू गव्हाणीत लपला होता आणि म्हशीने चाटून चाटून त्याला रडवले, ते सांगताना मी इतकी हसले की पदर तोंडाला लावायचे राहून गेले. तो फोटो लावावा. दात नाहीत, दिसू देत. खाली वीरमाता लिहू नये. त्या नावापायी माझ्या धाकट्याला सगळे विसरले, मीसुद्धा. ‘विजूची आणि बाळूची आई’ एवढेच लिहावे.

ऐकून, समजून, डाव्या हाताचा अंगठा:
बयाबाई पिराजी भांदिगरे

समोर हजर साक्षीदार:
१. अंबूबाई दत्तू कुपटे (शेजारीण, भांडण कायम)
२. सम्राट आनंदा कांबळे (गल्लीतला)

गारगोटी, ९ नोव्हेंबर २०२५