कोळंबी आणि तिचा पहारेकरी

तीर्थरूप ताईस साष्टांग नमस्कार (कंबरेमुळे सध्या आठांपैकी पाचच अंगं वाकतात, उरलेली मनाने वाकली असं समजावं).

तुझा गुडघा कसा आहे? भाऊजींचा खोकला? इकडे सर्व ठीक, फक्त एक गंभीर तक्रार आहे. पाकिटावर तू अजून माझ्या नावाआधी 'चिरंजीव' लिहितेस. परवा पोस्टमनने पाकीट माझ्याच हातात देऊन 'मुलाला द्या' असं बजावलं. चोपन्नाव्या वर्षी माणसाने किती सहन करावं?

संस्कृतचे वर्ग बंद पडल्यापासून मी मत्स्यालयात टाक्यांवरच्या पाट्या लिहितो आणि आलेल्या मंडळींना माहिती सांगतो, हे तुला ठाऊक आहेच. सध्या माझ्याकडे सहजीवनाचं दालन आहे. माझी लाडकी जोडी म्हणजे एक कोळंबी आणि एक बोटभर मासा. कोळंबी दिवसभर वाळूत बीळ खणते, पण तिला जवळजवळ दिसत नाही. म्हणून बाहेर आली की एक मिशी माशाच्या अंगाला टेकवून ठेवते. माशाने शेपटी थरथरवली की दोघं बिळात. घर तिचं, डोळे त्याचे. (मी पाटीवर 'परस्परोपकार' लिहिलं होतं. साहेबांनी ते खोडून 'दोस्ती' केलं. असो.)

मंगळवारी निवृत्त नर्सबाईंचा घोळका आला. मी त्या टाकीपुढे उभा राहून पाव तास बोललो. माशाची सावध मुद्रा, त्याची निष्ठा, अगदी त्याच्या शेपटीचा डौलसुद्धा वर्णन केला. बायका फारच शांतपणे ऐकत होत्या. शेवटी त्यांच्यातल्या सर्वांत थोरल्या बाई हळूच म्हणाल्या, "मास्तर, टाकीत मासा नाहीये हो."

मासा आजारी म्हणून सकाळीच दुसऱ्या टाकीत हलवला होता, आणि कोळंबी तेव्हापासून बिळाबाहेर आली नव्हती. म्हणजे मी निव्वळ वाळूचं कौतुक करत होतो. मी न डगमगता सांगितलं की न्यायशास्त्रात अभाव हासुद्धा एक पदार्थ मानतात, आणि मी तोच दाखवत होतो. बायका खळखळून हसल्या. त्या थोरल्या बाई मात्र हसल्या नाहीत. जाताना त्यांनी माझी हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला, डोळ्यांत पाहिलं, आणि एका डॉक्टरांचं नाव लिहून दिलं.

भाऊजींना नमस्कार.

तुझा,
धाकटा

ता. क. : अभावाचं शास्त्र मला त्या बाई बोलल्यावर सुचलं. मासा नाही हे मला खरोखरच दिसलं नव्हतं.

ता. क. दुसरा : शुक्रवारी दहा वाजता त्या डॉक्टरांकडे जायचंय. तू येशील का? घरी आपण तुझ्या गुडघ्याचं निमित्त सांगू. तुझ्या भावजयीला अजून काही बोललो नाही. आधी काय ते कळू दे. गेले तीन महिने ज्या अक्षरावर नजर ठेवतो तेच पुसलं जातं, कडेची तेवढी दिसतात. हे पत्र अंदाजाने लिहिलंय. ताई, मला यापुढे वाचता येणार नाही, याची फार भीती वाटते.