जीपचा काळा धूर

मंगळवार, मार्गशीर्ष. मी सांगते, सूनबाई लिहिते.

आठ दिवस आमची जीप काळा धूर ओकत होती. माझा लेक दत्तू म्हणाला, "इंजिन गेलं आई. जीप विकतो आन् पुण्याला कंपनीत जातो." जिवाला घोर लागला. पण काळा धूर मी जन्मभर बघितलाय. चुलीत लाकडं कोंबली, वारा मिळेना, की तसाच निघतो. म्हटलं, "आधी जीपचं नाक बघ, हवा घेते ते." मला तरी कुठं खात्री होती? गॅरेजवाला हसला, पण एअर फिल्टर उघडला. आत नाचणीचा भुसा. मळणीला खळ्यावर कणसांवरून जीप गरागरा फिरवली कोणी? दत्तूनंच.

आज जीप घाट चढली, काळा धूर न्हाई. दत्तू म्हणाला, "उद्यापासून अकोले बाजाराला माणसं न्यायच्या फेऱ्या परत सुरू." पुण्याचं नाव नाही. सूनबाई, हसतेस काय, लिही.