ज्याने त्याने कापलेला फोटो

ब्रेसनेल, मे महिन्याची अखेर

प्रिय ओदीलताई,

धाकट्या चुलतभावाचा तुझ्या दोन्ही गालांना सप्रेम नमस्कार. गुडघा कसा आहे? मार्सेयच्या उन्हाने बरा होईल असं आपले डॉक्टर म्हणाले होते, पण ते पडले नॉर्मंडीचे, त्यांनी ऊन कधी पाहिलंय? फोनजवळच्या त्या उंच खुर्चीवर चढउतार करत जाऊ नकोस, गुडघ्याला वाईट. इकडे सगळं ठीक. म्हणजे पाऊस आहे, लोणी आहे आणि गावात माझ्याशी कुणी बोलत नाही.

त्याचं असं झालं. येत्या ऑगस्टात जर्मन सैन्य गावातून गेल्याला ऐंशी वर्षं होतील. मेयर देलामारबाईंनी जुन्या फोटोंचं प्रदर्शन ठरवलं आणि मी जन्मभर शाळेत इतिहास शिकवला म्हणून संशोधन माझ्याकडे आलं. (निवृत्त माणसाला संशोधक म्हटलं की तो कुठल्याही खड्ड्यात हसत उतरतो.) पहिला फोटो आपल्याकडे बिस्किटांच्या डब्यावर असतो तोच. अमेरिकन रणगाडा, त्यावर गर्दी, हातात फुलं. सर्वांत वर चढलेला तो आपलाच आजोबा, असं सात घरांनी शपथेवर सांगितलं. भिंग लावून पाहतो तर सगळ्यांच्या अंगात जाड कोट आणि हातात शेवंती. ऑगस्टात? फोटोवाला त्या दिवशी पोचलाच नव्हता. नोव्हेंबरात तो आला तेव्हा गावाने त्याच्यासाठी पुन्हा एकदा मुक्त होऊन दाखवलं, आणि फुलं आणली ती थडग्यांवरून उचलून. हे मी सांगितलं त्या दिवसापासून बेकरीत माझा नंबर आला की पाव संपतो.

दुसरा फोटो मात्र त्याच दिवसाचा. औषधवाल्याने काढला आणि हौसेने घरोघरी वाटला. भर चौकात मांडलेली खुर्ची, तिच्यात अठरा वर्षांची लेओनी व्होक्लँ, अर्धं डोकं भादरलेलं आणि भोवती हसणारं गाव. तिचा गुन्हा एवढाच की तिने जर्मनांचे शर्ट धुतले होते. पहिली काही वर्षं हा फोटो म्हणे घरोघरी शेकोटीवरच्या फळीवर असायचा. पुढे वारं बदललं, लोकांना लाज वाटू लागली. पण फोटो टाकवेना, शेवटी गावाच्या मुक्ततेची आठवण ती. मग प्रत्येक घराने कात्री घेतली आणि फक्त आपला माणूस कापून काढला.

मी सगळ्या प्रती जेवणाच्या टेबलावर मांडल्या. बेकरीवाल्यांच्या प्रतीत बेकरीवाला नाही, पण खाटीक दात काढून हसतोय. खाटकाच्या प्रतीत खाटीक नाही, पण बेकरीवाला टाळ्या वाजवतोय. आपला पूर्वज झाकायचा आणि शेजाऱ्याचा जपून ठेवायचा! गावातली एवढी एकी मी दुसऱ्या कशातही पाहिलेली नाही. प्रतींना प्रती जुळवल्या आणि अख्खा चौक उभा राहिला. खाटकाचा नातू खुशीत म्हणाला, "लावा की, मास्तर. बेकरीवाल्याची बाजू लावा. ती छान आलीय." देलामारबाई म्हणाल्या, "इतिहास हवाच आहे हो, फक्त त्यात माणसं नकोत."

लेओनीच्या मागे, हातात केस कापायचं मशीन घेतलेला माणूस सगळ्यांच्या प्रतींत शाबूत आहे. नाही तो फक्त आपल्या घरच्या प्रतीत. तिथे एक सुबक चौकोनी भोक आहे. माझे बाबा सांगायचे, कसर लागली. तुझे बाबा सांगायचे, उंदीर. आशिल आजोबा त्या दिवशी तापाने अंथरुणाला खिळले होते, हेही दोघंच सांगायचे. चार वर्षं आपल्या दुकानात त्याच खुर्चीवर आजोबांनी रोज सकाळी जर्मन हनुवट्या गुळगुळीत केल्या. शर्ट धुतले तर तो गुन्हा, दाढी केली तर तो धंदा.

लेओनीबाई अजून आहेत, वृद्धाश्रमात. त्या 'जाळून टाक' म्हणतील आणि मी सुटेन, या आशेने फोटो घेऊन गेलो. त्यांनी भिंगातून एकेक तुकडा पाहिला. एकाही घराने त्यांना कापलेलं नव्हतं. मग म्हणाल्या, "माझं डोकं सगळ्यांनी किती जपून ठेवलंय. आता तोंडंही लावा त्यांची."

तेव्हा फोटो लागणार, अख्खा. देलामारबाईंनी प्रदर्शनाचं दार बंद ठेवलं तर माझ्या खिडकीत लागेल. बाकी विशेष काही नाही.

तुझा,
रेमी

ता. क. पत्र केवळ गुडघ्याच्या चौकशीसाठी लिहिलं होतं, लांबलं.

ता. क. २ : फोनजवळची ती उंच खुर्ची, बदकाच्या डोक्यांचे हात असलेली, ऑगस्टापूर्वी इकडे पाठव. लेओनीबाईंनी मागितली आहे. जड आहे, लांबून यायची आहे, ताईचा गुडघा दुखतो, असं सगळं मी सांगून पाहिलं. त्या म्हणाल्या, "त्या दिवशी मला बसवलं होतं. आता मी आपणहून बसणार आहे."

ता. क. ३ : खुर्ची गेल्यावर तिच्यामागची भिंत उघडी दिसेल. तिथे लावायला एक प्रत पाठवतो आहे. कात्री तुझ्याकडे असेलच.