माझ्याजवळ कुणीच येत नाही

३ मार्च
करार महिनाअखेरीस संपतोय. नवा होणारच. आमच्या बास्केटबॉल टीममध्ये स्टार दोन: राजे आणि लांब्या. तिसरा मी, फक्त अजून जाहीर झालेलं नाही.
आज एक गोष्ट लक्षात आली. समोरच्या टीमचा माणूस माझ्याजवळ येतच नाही. मला मोकळा सोडून राजेला घेरायला पळतो. घाबरतात.

५ मार्च
कोच सरांनी मीटिंगमध्ये कौतुक केलं. समोरच्या मुख्य नेमबाजाला बांधून ठेवणं, आडवं उभं राहून राजेला वाट करून देणं, रिंगवरून परतणाऱ्या बॉलवर, रिबाउंडला, अंग झोकून देणं, हे आपल्या भिंतीसारखं कुणाला जमत नाही म्हणे. भिंत म्हणजे मी. लांब्याने ठेवलेलं नाव. माझ्या शॉटबद्दल मात्र अवाक्षर नाही. त्या दोघांना वाईट वाटेल म्हणून टाळलं असणार.
संकल्प: रोज तीनशे शॉट.

६ मार्च
चाळीस झाले. खांदा दुखला. शिवाय रिंग वाकडी आहे. शिपायाने लेव्हल लावून सरळ असल्याचं दाखवलं. लेव्हल खराब आहे.

९ मार्च
जिंकलो. त्यांच्या नेमबाजाला मी हलू दिलं नाही, पण त्यात काय, कुणीही करेल. राजे म्हणाला, भिंती, तुझ्यामुळे जिंकलो रे. टोमणे कळतात मला.

१४ मार्च
फिजिओ रोज गुडघ्याची चौकशी करायचा. आज नजर चुकवून गेला. मॅनेजरने लॉकरची किल्ली मागून घेतली, परत दिली नाही. मोठा लॉकर देणार असावेत.
बायको म्हणाली, घराचा भाडेकरार वाढवायचा का, सरांना एकदा विचारून तरी बघा. म्हटलं, दोन वर्षांसाठी वाढव. तिने भाडेकराराचा कागद परत कपाटात ठेवला.

१९ मार्च
सरांनी बाजूला घेतलं. सेमीफायनलला मॅनेजमेंट येणार आहे. समोरच्या टीमचा नेमबाज सोडू नकोस, बॉलच्या मागे लागू नकोस, बाकी मी बघतो, म्हणाले. चेहरा ओढलेला. झोप होत नसावी.
मॅनेजमेंटसमोर नुसतं आडवं उभं राहायचं? छे! शॉट मारणार.

२१ मार्च, संध्याकाळ
सेमीफायनल. बॉल आला की मारला. समोरच्या टीमच्या बाकावरून सारखे ओरडत होते, मारू दे त्याला, मारू दे! इतकी खिलाडूवृत्ती हल्ली दिसत नाही. एक गेला. बाकीचे रिंगला लागून आले. मी ते गोळा करायला धावलो, तेवढ्यात त्यांचा नेमबाज पलीकडे एकटाच. पुन्हा एकटाच. हरलो.
लांब्या बसमध्ये शेजारी बसला नाही. पाय लांब करायला जागा हवी असेल.

२३ मार्च
सरांच्या केबिनमध्ये. म्हणाले, तुझं नाव महिन्यापूर्वीच कापलं होतं. मी भांडून सेमीफायनलपर्यंत थांबवलं होतं. मॅनेजमेंटला सांगितलं होतं, दोन स्टार शेजारी असताना बॉल न मागणारा माणूस मिळत नाही, हा मिळालाय.
मी म्हटलं, मला नकोच असतो बॉल.
सर म्हणाले, परवा सगळ्यांनी बघितलं.
घरी आलो. बायकोने विचारलं, काय म्हणाले? तिला अजून सांगितलेलं नाही.